स्वतंत्र, पण कशापासून? शाळा बदलण्याच्या एका वर्षाचा अनुभव

मुलीचे तिसरीचे प्रगतिपुस्तक हातात आले तेव्हा त्यातील एका वाक्यापाशी मी अडखळलो. ‘वर्गातील चर्चेत उत्साहाने भाग घेते,’ असे वर्गशिक्षिकांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्या संपूर्ण वर्षात माझी मुलगी वर्गात स्वतःहून एक शब्दही बोललेली नव्हती. हे तिने आम्हाला सांगितले होते, तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने सांगितले होते आणि पालकसभेत आम्ही स्वतः ते शिक्षिकांच्या कानावर घातले होते. शिक्षिकांनी जाणूनबुजून खोटे लिहिले असे मला तेव्हाही वाटले नाही. वर्गाचा पट ५४ होता, प्रगतिपुस्तके दोन-तीन दिवसांत भरून द्यायची होती आणि तेच वाक्य बहुधा आणखी वीस-पंचवीस मुलांच्या वाट्याला आले असावे. शाळेविषयी तक्रार करावी असे दुसरे काही नव्हते. मुलीचे गुणही बरे होते. तरीही त्या रात्री मी आणि माझी पत्नी शाळा बदलण्याविषयी प्रथमच गांभीर्याने बोललो.

बोलता बोलता आमच्या तोंडी ‘स्वतंत्र शाळा’ हा शब्द आला. सरकारी अनुदान न घेता मुख्यतः पालकांच्या शुल्कावर चालणारी आणि स्वतःच्या विश्वस्त मंडळाने चालवलेली शाळा, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या कानाला तो शब्द ऐकायलाच चांगला वाटत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझी थोरली बहीण २२ वर्षे सरकारी शाळेत शिकवते. तिला दूरध्वनी केला तेव्हा ती एक तर रागावेल किंवा धीर देईल अशी माझी अपेक्षा होती. तिने दोन्हीपैकी काहीच केले नाही. “अरे, स्वतंत्र म्हणजे कशापासून स्वतंत्र, ते आधी विचारून घे,” एवढेच ती म्हणाली. मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि पुढचे आठ महिने तो मला पुरला.

उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की हा एकच शब्द देशागणिक वेगळी वस्तू दाखवतो. इंग्लंडमध्ये शुल्क घेणाऱ्या स्वतंत्र शाळांवर राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे बंधन नाही आणि शासनमान्य शिक्षकपात्रता असलेलेच शिक्षक नेमण्याची सक्तीही नाही. स्वीडनमध्ये १९९२ पासून स्वतंत्र शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे सार्वजनिक निधी मिळतो, मात्र पालकांकडून शुल्क घेण्याची त्यांना मुभा नाही. नेदरलँड्समध्ये १९१७ च्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने पैसा मिळू लागला आणि आज तिथली सुमारे दोन तृतीयांश मुले अशा शाळांत शिकतात. म्हणजे कोणी अभ्यासक्रमापासून स्वतंत्र, कोणी फक्त व्यवस्थापनात स्वतंत्र, तर कोणाचे स्वातंत्र्य पैशापुरतेच. आमच्या यादीतील पाच शाळांपैकी कोणती कशापासून मोकळी आहे, हे एकाही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. माहितीपत्रकांत मुख्यतः हसरी मुले होती.

शाळा पाहायला बाहेर पडण्यापूर्वी पत्नीने एक अट घातली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापली कारणे लिहायची आणि मगच एकमेकांना दाखवायची. माझ्या कागदावर वर्गातील कमी संख्या, चांगले निकाल, भाषा, खेळ, शिस्त अशी नेहमीची मालिका होती. तिने एकच ओळ लिहिली होती: ‘तिला ओळखणारे कोणीतरी मोठे माणूस शाळेत असावे.’ मला माझ्या यादीची थोडी लाज वाटली. त्यातही न लिहिलेले एक कारण होते, ते तिनेच मला बोलून दाखवायला लावले. माझ्या बरोबरीच्या बहुतेक सहकाऱ्यांची मुले अशा शाळांत होती आणि चार लोकांत शाळेचे नाव सांगताना आपण मागे पडतो आहोत, असे मला वाटत असे. पालक स्वतंत्र शाळा का निवडतात याची कारणे पालकांनाच विचारली, तर हे कारण क्वचितच ऐकू येईल. मात्र ते किती जणांच्या मनात असते याचा अंदाज मी स्वतःवरून बांधू शकतो.

‘चांगले निकाल’ हे कारण सर्वांत आधी गळाले. पत्नीचे काम आकडेवारीचे असल्यामुळे तिने शाळांनी छापलेल्या टक्केवाऱ्या बाजूला ठेवून ‘पिसा’चे अहवाल काढले. १५ वर्षांच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० पासून घेतली जाते. वरवर पाहता खासगी शाळांतील मुलांचे गुण बहुतेक देशांत अधिक दिसतात. परंतु मुलांच्या आणि शाळांच्या सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमीचा हिशेब केला की हा फायदा बहुतांश ठिकाणी नाहीसा होतो, आणि २०१८ च्या फेरीत तर तसा हिशेब केल्यावर वाचनात सरासरीने सरकारी शाळांची मुलेच थोडी पुढे निघाली. याचा सरळ अर्थ असा, की निकालाच्या फलकावर शाळेच्या शिकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दारातून आत कोण आले ते लिहिलेले असते. प्रवेशाच्या वेळी मुले निवडून घ्यायची आणि शेवटी त्यांचे गुण दाखवायचे, यात शाळेने मधल्या वर्षांत काय केले ते कळत नाही. हे वाचल्यावर माझ्या यादीतील दुसऱ्या क्रमांकावर मी रेघ मारली.

पाचपैकी तीन शाळा लवकर बाद झाल्या, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्या शाळेत आम्हाला इमारत दाखवण्यात आली आणि ती खरोखर दाखवण्यासारखी होती. मात्र गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आम्हाला पोहण्याच्या तलावाकडे नेण्यात आले. दुसऱ्या शाळेत नऊ वर्षांच्या मुलीची लेखी परीक्षा होती आणि आमची मुलाखत. मुलाखतीतील पहिला प्रश्न मी काय करतो हा होता, दुसरा पत्नी काय करते हा, आणि मुलीचे नाव चौथ्या की पाचव्या प्रश्नाला आले. तिसरी शाळा फार शिस्तीची होती. ती वाईट नव्हती, पण आमची मुलगी तिथे अधिकच गप्प झाली असती, हे प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंत चालत जातानाच आम्हाला कळले.

चौथ्या शाळेने मात्र आमचे दोन महिने घेतले. ती वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा होती. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९१९ मध्ये श्टुटगार्टमध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेटच्या कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी पहिली शाळा काढली आणि कारखान्याचे नावच पद्धतीला चिकटले. कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेची पद्धत शतकभराने अनेक ठिकाणी शुल्क परवडणाऱ्या घरांची झाली, ही गोष्ट मला जरा बोचली. पण ते राहू द्या. आम्हाला त्या पद्धतीत भावले ते हे, की एकच वर्गशिक्षिका पहिलीपासून शक्यतो आठ वर्षे त्याच मुलांबरोबर राहते. पत्नीच्या कागदावरच्या एका ओळीला याहून थेट उत्तर कोणते असणार? आम्ही जवळजवळ अर्ज भरला होता. ताईला सांगितले तेव्हा ती जरा वेळ थांबून म्हणाली, “छान आहे. पण त्या बाईंशी हिचं जमलंच नाही तर? आठ वर्षं म्हणजे फार झाली.” हाच प्रश्न आम्ही शाळेत विचारला. त्यावर शाळेने टाळाटाळ न करता सांगितले की असे कधीकधी घडते, आणि तेव्हा बहुधा मूलच शाळा सोडते. शिवाय घरातील दूरचित्रवाणीसारखे पडदे, खेळणी, झोपण्याच्या वेळा यांबाबतही पालकांनी शाळेच्या धारणेप्रमाणे चालावे अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती त्यांनी आधीच स्पष्ट केली. आमच्या घरात संध्याकाळी दूरचित्रवाणी लागते आणि ती बंद होईल असे वचन देणे म्हणजे प्रवेशाच्या दिवशीच खोटे बोलणे ठरले असते. ही शाळा स्वतंत्र होती आणि त्या स्वातंत्र्याचे काय करायचे हे तिला नेमके ठाऊक होते. जे करायचे होते त्यात आम्ही बसत नव्हतो, इतकेच.

याच काळात ताईने मला एकदा इतिहासही ऐकवला. मी तिच्यासमोर ‘सरकारी शाळा सोडून जातो आहोत’ अशा अपराधी सुरात काहीतरी बोलत होतो. तेव्हा तिने आठवण करून दिली की जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींसाठी काढलेली शाळा सरकारी नव्हती आणि सरकारी नोकरी सोडलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांबरोबर १८८० मध्ये सुरू केलेले न्यू इंग्लिश स्कूलही सरकारी नव्हते. “ज्यांना कोणी शिकवत नव्हतं त्यांना शिकवायला, किंवा जे कोणी शिकवू देत नव्हतं ते शिकवायला ती माणसं मोकळी झाली. तुझ्या यादीतल्या शाळा कशासाठी मोकळ्या झाल्यात, ते बघ म्हणजे झालं.” वहीतील प्रश्नाला अशा रीतीने दुसरा भाग जोडला गेला.

पाचव्या शाळेची इमारत साधी होती आणि माहितीपत्रक चार पानांचे होते. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बसवून घेतले आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या शाळेत काय नाही ते सांगितले. मोठे मैदान नव्हते, संगीताचे शिक्षक आठवड्यातून दोनच दिवस येत आणि विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी पूर्णवेळ तज्ज्ञ नेमणे त्यांना अजून जमले नव्हते. विकणारा माणूस आधी उणिवा सांगत नाही, या समजुतीमुळे मी सावध झालो. कदाचित हीसुद्धा एक विकण्याची रीत असेल असे मला वाटले. म्हणून मी तास पाहण्याची परवानगी मागितली. पूर्वीच्या चारपैकी दोन शाळांनी ती ‘धोरणात बसत नाही’ म्हणून नाकारली होती. इथे त्यांनी वेळापत्रक समोर ठेवले आणि कोणता तास पाहायचा ते मलाच निवडायला सांगितले.

मी चौथीचा गणिताचा तास निवडला आणि मागच्या बाकावर ४० मिनिटे बसलो. वर्गात १८ मुले होती. या आकड्याने मी भारावून जाऊ नये याची व्यवस्था ताईने आधीच करून ठेवली होती. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या ‘स्टार’ या प्रयोगात ११,००० हून अधिक मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लहान आणि मोठ्या वर्गांत वाटले गेले होते. १३ ते १७ मुलांच्या वर्गांतील मुले २२ ते २५ च्या वर्गांतील मुलांहून पुढे गेली हे खरे. पण तो प्रयोग बालवर्ग ते तिसरीचा होता आणि गरीब व वंचित घरांतील मुलांना त्याचा लाभ अधिक झाला होता. आमची मुलगी चौथीत जाणार होती आणि वंचित तर नव्हतीच. “पट कमी झाला म्हणून शिकवणं आपोआप बदलत नाही,” असे ताईचे म्हणणे होते. “पंधरा पोरांसमोरही फळ्याकडे तोंड करून शिकवणारे असतात.”

म्हणून मी संख्या सोडून दुसरेच काही मोजले. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधील ध्वनिमुद्रणे तपासून असे दाखवले होते की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. गप्प मुलीच्या बापाला यापेक्षा उपयोगाची माहिती कोणती असणार? मी घड्याळाकडे पाहत मोजू लागलो. शिक्षिकेने विचारले की २३ गोष्टी चौघांत वाटल्या तर उरलेल्या तिनांचे काय करायचे. दोन हात लगेच वर गेले. ती त्यांच्याकडे पाहून मान डोलावून थांबली. चार सेकंद, पाच, सहा. खिडकीजवळचा एक मुलगा, ज्याने हात वर केलेलाच नव्हता, म्हणाला, “कशाच्या गोष्टी आहेत त्यावर आहे.” शिक्षिका म्हणाल्या, “म्हणजे?” आणि पुन्हा थांबल्या. पुढची पाच मिनिटे वर्ग चौघांत वाटता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंविषयी भांडत होता. माझ्यासाठी तो तास दाखवण्यापुरता सजवलेला असू शकतो, हे मला कळत होते. पण मुलांना असे थांबणे नवीन नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. एका दिवसात मुले शांततेला सरावत नाहीत.

यानंतरचा भाग कागदपत्रांचा होता. तो कंटाळवाणा असला तरी बहुतेक पालक नेमक्या इथेच घाई करतात, आणि आम्हीही केली असती. प्रवेशपत्रासोबत सात पानांचा करार होता. मूळ शुल्काखेरीज सहली, साहित्य, वाहतूक, परीक्षा असे वेगवेगळे आकार धरले तर एकूण खर्च मूळ आकड्याच्या जवळजवळ सव्वापट होत होता. मूल काढून घ्यायचे असल्यास एका संपूर्ण सत्राची आगाऊ सूचना द्यायची, नाहीतर त्या सत्राचे शुल्क भरायचे, असे एक कलम होते. पत्नीने गेल्या पाच वर्षांतील शुल्कवाढ विचारून घेतली आणि त्याच गतीने पुढची सहा वर्षे मांडून पाहिली. धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. एकीसाठी जे केले ते दुसऱ्यासाठी करणार की नाही, हा प्रश्न त्या कागदावर आकड्यांच्या रूपात समोर आला आणि आम्ही तो चार दिवस टाळला. शेवटी ठरले की करायचे असेल तर दोघांसाठीच करायचे, आणि त्यासाठी मोठे घर घेण्याचा बेत मागे पडला.

पैशाहून मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न तक्रारीचा होता. सरकारी शाळेत मुख्याध्यापकांनी ऐकले नाही तर वर कोणीतरी असते, निदान कागदावर तरी असते. स्वतंत्र शाळेत बहुतेक वाटा विश्वस्त मंडळापाशी संपतात आणि त्यापुढे पालकाच्या हाती प्रत्यक्षात राहते ते मूल काढून घेणे. म्हणजे शाळा जितकी स्वतंत्र, तितका पालक तिच्या भलेपणावर अवलंबून. हे मी मुख्याध्यापिकांना बोलून दाखवले. त्यांनी ते नाकारले नाही. मंडळातील नऊ जणांपैकी दोघे पालकांनी निवडलेले असतात आणि वार्षिक हिशेब मागितल्यास पाहता येतो, असे त्यांनी सांगितले. मी हिशेब मागितला आणि तो मिळाला. त्यात मला पाहायचे होते ते असे, की किती मुलांना शुल्कात सवलत आहे. आम्हाला सवलत नको होती आणि मिळालीही नसती. पण आमची मुलगी कोणाशेजारी बसणार, हे त्या आकड्यावरून कळणार होते. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात खासगी शाळांना मान्यता देताना एक अट आहे, की पालकांच्या सांपत्तिक स्थितीनुसार विद्यार्थ्यांची विभागणी होण्यास त्या शाळेने हातभार लावता कामा नये. आमच्या शाळेवर असे काही बंधन नव्हते. तिथे सातांपैकी एका मुलाला पूर्ण किंवा अर्धी सवलत होती. हे पुरेसे आहे का, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मुलीला एक दिवस त्या वर्गात बसून पाहण्यासाठी बोलावण्यात आले. घरी आल्यावर तिने दप्तर ठेवले आणि विचारले, “तिथे मला बोलावं लागेल का?” मी घाईघाईने ‘नाही, नाही’ म्हणणार होतो. पत्नी म्हणाली, “लागणार नाही. पण ते विचारतील.” मुलीने थोडा विचार करून सांगितले की विचारलेले चालेल. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला. आम्ही प्रतीक्षायादीत तिसरे होतो आणि सत्र सुरू होण्याच्या अकरा दिवस आधी जागा झाली.

पहिले सत्र सोपे गेले नाही. जुन्या मैत्रिणी सुटल्या, प्रवास एकेका बाजूला पन्नास मिनिटांचा झाला आणि दोन वेळा तिने सकाळी उठायला चक्क नकार दिला. संगीताचे शिक्षक मध्येच सोडून गेले आणि ते पद चार महिने रिकामे राहिले. मुख्याध्यापिकांनी सांगितलेल्या उणिवा तंतोतंत खऱ्या निघाल्या, हे समाधान मानावे की तक्रार, ते मला ठरवता आले नाही.

सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तक आले. त्यात गणितापुढे वर्गशिक्षिकांनी लिहिले होते: ‘भागाकार समजलेला नाही. शेजारच्या वहीत पाहून उत्तर लिहिते आणि कसे काढले असे विचारले की हसून विषय बदलते. हे मी तीन वेळा पाहिले आहे. आता तिच्याशी बोलते आहे.’ मी त्याचे छायाचित्र काढून ताईला पाठवले. संध्याकाळी तिचा दूरध्वनी आला. “बाईंनी बरोबर पकडलंय,” ती म्हणाली. “मीही पकडलं असतं रे, माझ्या वर्गात अठरा असती तर.” मग जरा थांबून तिने विचारले, “आणि भागाकार शिकवतंय कोण? त्या की तू?” मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली की येत्या रविवारी ती येते आहे, आणि मुलीला म्हणावे, जुनी वही काढून ठेव.